मदत हवी आहे: मृत्युपत्र आहे, तरी सोसायटी प्रोबेट मागतेय

वेताळटेकडी | सोमवार, रात्री १०:५२

नमस्कार. डोकं फिरायची वेळ आलीय म्हणून लिहितोय. बाबा गेल्या वर्षी गेले. कोथरूडचा फ्लॅट त्यांनी मृत्युपत्रात मला दिलाय. फ्लॅट विकायला काढला, गिऱ्हाईकही मिळालं, टोकन घेतलं. आता सेक्रेटरी म्हणतात प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) आणा, मग शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवू. घेणाऱ्याच्या बँकेचा पॅनेलवरचा वकीलही तेच धरून बसलाय. त्या माणसाची कर्जमंजुरी महिनाअखेर संपते. मला सांगितलं गेलंय की प्रोबेटला वर्ष तरी धरा. पुण्यात ते लवकर मिळवायचा काही मार्ग?

'चांगला वकील गाठा' एवढंच लिहायचं असेल तर नका लिहू. गाठूनच आलोय.

मृण्मयी_बाणेर | सोमवार, रात्री ११:१०

मृत्युपत्र नोंदवलेलं आहे का? साक्षीदार हयात आहेत? सोसायटीत नॉमिनी कोण? भावंडं किती? यातलं काहीच लिहिलेलं नाही आणि उत्तर महिनाअखेरच्या आत हवंय.

नाना_निवृत्त | मंगळवार, सकाळी ६:०५

नोंदणी केलेली नसेल तर त्या कागदाची किंमत शून्य. मी माझं मृत्युपत्र रीतसर स्टॅम्प पेपरवर टाइप करून, हवेलीच्या दुय्यम निबंधकाकडे स्वतः जाऊन, फोटो-अंगठा देऊन केलं. एकदा सरकारी शिक्का बसला की ब्रह्मदेवालाही ते मोडता येत नाही. आजकालच्या मुलांना आईबापांच्या हयातीत हे सुचत नाही, मग इथे येऊन धागे काढतात.

काळाकोट | मंगळवार, सकाळी ९:३०

नाना, एका प्रतिसादात तीन गैरसमज. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, कोऱ्या कागदावर हाताने लिहिलेलंही चालतं. नोंदणी ऐच्छिक आहे, १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम १८ बघा. आणि नोंदवलेलं मृत्युपत्रही कोर्टात पडतं. शिवाजीनगरला मी डोळ्यांनी पाहिलंय. लागतं ते एवढंच: करणाऱ्याची सही, आणि दोन साक्षीदार. त्या दोघांनी त्याला सही करताना पाहिलेलं हवं किंवा 'ही सही माझी' असं त्याच्या तोंडून ऐकलेलं हवं, आणि मग त्याच्यासमोर आपापल्या सह्या केलेल्या हव्यात. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याचं कलम ६३. नोंदणीचा फायदा नाकारत नाही, पण किंमत शून्य वगैरे काही नाही.

आता मूळ प्रश्न. प्रोबेटची सक्ती पुण्याला कधी नव्हतीच. कलम ५७ आणि २१३ एकत्र वाचले तर हिंदूंच्या बाबतीत ती होती जुन्या बंगाल इलाख्यात आणि मुंबई-मद्रास हायकोर्टांच्या मूळ अधिकारक्षेत्रात. म्हणजे मृत्युपत्र मुंबईत केलेलं असेल किंवा त्यातली स्थावर मिळकत मुंबईत असेल तर. आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कलम २१३ च वगळलं. त्यामुळे आता मुंबईलाही सक्ती उरलेली नाही. बँकांच्या पॅनेलवरच्या लोकांकडे मुंबईतल्या जुन्या याद्या असतात, त्याच पुण्यात फिरवतात.

वेताळटेकडी | मंगळवार, सकाळी ९:४८

@काळाकोट, हे फार कामाचं आहे. हेच सेक्रेटरींना लिहून देऊ का?

@मृण्मयी_बाणेर, नोंदवलेलं नाही. बाबांच्या हातचं आहे, दोन साक्षीदार आहेत, तारीख आहे. बहीण आहे एक, तिचा काही आक्षेप नाही.

मृण्मयी_बाणेर | मंगळवार, सकाळी १०:१५

आक्षेप नाही हे तिने सांगितलं, की तुम्ही धरून चाललात? नॉमिनीचं राहिलं. आणि साक्षीदार हयात आहेत का, तेही राहिलं.

रमा_औंध | मंगळवार, दुपारी १२:२०

म्हणूनच मी सगळ्यांना सांगत असते, मृत्युपत्राच्या भानगडीत पडूच नका, हयातीत बक्षीसपत्र करा. माझ्या सासूबाईंनी औंधचं घर आम्हा दोघांना बक्षीसपत्राने दिलं. घरच्या माणसाला मुद्रांकात सवलत मिळते. त्या गेल्यावर ना सोसायटी, ना बँक, कोणाच्या दारात जावं लागलं नाही.

तिरकीट | मंगळवार, दुपारी १२:४१

बाबा गेल्या वर्षी गेलेत. आता बक्षीसपत्रावर सही कोण करणार?

शनिवारपेठी | मंगळवार, दुपारी १:०५

बक्षीसपत्र म्हणजे जिवंतपणी स्वतःच्या घरात पाहुणं होणं. आमच्या वाड्यातल्या एका आजींनी पुतण्याला घर लिहून दिलं, आणि वर्षभरात त्याच घरातली मागची खोली त्यांच्या वाट्याला आली. मृत्युपत्र शेवटच्या दिवसापर्यंत बदलता येतं, फाडता येतं. बक्षीसपत्र एकदा झालं की झालं.

रमा_औंध | मंगळवार, दुपारी १:३०

सगळेच पुतणे तसे नसतात. आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी कायदा आहे ना, २००७ चा. सांभाळलं नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं.

काळाकोट | मंगळवार, दुपारी २:१५

येतं, कलम २३ खाली. पण 'देखभाल करीन' ही अट पत्रात लिहिलेली हवी का, यावर सुप्रीम कोर्टाचे निकाल एका सुरातले नाहीत. २०२२ चा निकाल अट दाखवा म्हणतो, जानेवारी २०२५ चा बराच उदार आहे. तेव्हा ज्यांना बक्षीसपत्रच करायचंय त्यांनी अट स्पष्ट लिहावी. ती न लिहिता नंतर प्रांतांकडे खेटे घालण्यात अर्थ नाही.

हा धागा मात्र त्याचा नाही.

आरोग्यमस्तु | मंगळवार, दुपारी ३:००

मृत्युपत्राबद्दल एक महत्त्वाची माहिती कोणीच दिली नाही. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत नाही, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. व्हेंटिलेटरवर ठेवायचं की नाही हे आधीच लिहून ठेवता येतं. प्रत्येक ज्येष्ठाने करावंच.

तिरकीट | मंगळवार, दुपारी ३:०४

ते लिव्हिंग विल, डॉक्टर. इथे फ्लॅटला व्हेंटिलेटरवर ठेवायचंय.

वेताळटेकडी | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

कृपया विषयावर बोला. सेक्रेटरींना वरचं सगळं सांगितलं. ते म्हणतात, 'नेटवरचं नका दाखवू, कमिटीचा ठराव आहे.' वर आणि नावावर करायला पंचवीस हजार प्रीमियम मागतायत.

नॉमिनी आई होती. पण ती बाबांच्या आधी गेली, त्यामुळे तो मुद्दाच नाही. साक्षीदारांपैकी एक बाबांचे मित्र, ते वारले. दुसरे आमचे फॅमिली डॉक्टर, ते आता चिंचवडला मुलाकडे असतात, ठणठणीत आहेत.

नाना_निवृत्त | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

एक साक्षीदार गेला म्हणजे मृत्युपत्र बाद. दोन लागतात, आत्ताच वर कलम ६३ सांगितलं गेलं.

काळाकोट | मंगळवार, रात्री ८:००

करताना दोन लागतात. सिद्ध करताना हयात असलेल्यांपैकी एकाची साक्ष पुरते. डॉक्टर असले तर उत्तमच, मन:स्थिती ठीक होती हेही तेच सांगतील. वेताळटेकडी, त्यांच्याकडून आत्ताच नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करून घ्या: अमुक तारखेला अमुक ठिकाणी माझ्यासमोर सही झाली, दुसरे साक्षीदार हजर होते. सोसायटी आणि बँक दोघांना त्याची प्रत द्या.

प्रीमियमचं: वारसाच्या नावावर करताना प्रीमियम घेता येत नाही. पंचवीस हजार ही महापालिका हद्दीत विक्रीच्या हस्तांतरणाची कमाल मर्यादा आहे. म्हणजे तुमच्याकडून नवा घेणारा येईल तेव्हाचा तो विषय. कमिटीने ठराव केला म्हणून उपविधी बदलत नाहीत. आणि सोसायटीला सांगा की सहकार कायद्याचं कलम १५४ ब-१३ वाचा. मृत्युपत्र, वारसा प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा कुटुंबातला व्यवस्थापत्राचा दस्त, यांपैकी कशाच्याही आधारे हस्तांतर करता येतं. तिथे प्रोबेट हा शब्द नाही. फार तर ते दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देऊन हरकती मागवतील आणि तुमच्याकडून हमीपत्र घेतील. एवढा त्यांचा हक्क आहे.

मृण्मयी_बाणेर | मंगळवार, रात्री ८:२५

एक मिनिट. आई आधी गेल्या? कधी? त्यांचं मृत्युपत्र होतं? आणि बिल्डरबरोबरच्या मूळ करारनाम्यात खरेदीदार म्हणून नावं कोणाची आहेत?

संपत्ती_नियोजन_पुणे | मंगळवार, रात्री ९:००

या सर्व समस्यांवर एकच उपाय म्हणजे खाजगी कौटुंबिक ट्रस्ट. मालमत्ता ट्रस्टमध्ये टाकली की प्रोबेट नाही, सोसायटीची कटकट नाही, भाऊबहिणींत वाद नाही. आमच्याकडे मोफत प्राथमिक सल्ला

*(प्रतिसादाचा पुढील भाग जाहिरात असल्याने काढला आहे. — संपादक)*

शनिवारपेठी | मंगळवार, रात्री ९:१५

कोथरूडच्या एका टू बीएचकेसाठी ट्रस्ट! भाजी आणायला पण ट्रस्टी नेमा.

बापू_हडपसर | मंगळवार, रात्री ९:५०

नॉमिनी मुलाला केलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. नॉमिनी तोच मालक. आमच्या सोसायटीत सगळे तसंच करतात.

काळाकोट | मंगळवार, रात्री १०:२०

बापू, हे पुण्यातल्या निम्म्या सोसायट्यांना वाटतं. नॉमिनी म्हणजे सोसायटीने कोणाशी पत्रव्यवहार करायचा तो माणूस. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर कायद्यातच लिहिलंय की खरा वारस ठरेपर्यंत त्याला तात्पुरतं सभासद करायचं. कंपन्यांच्या शेअर्सच्या बाबतीतही डिसेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने शक्ती येझदानी खटल्यात हेच सांगितलं. 'कालनिर्णय'वाल्या साळगावकरांच्या कुटुंबातलाच तो वाद. नॉमिनेशनने मालकी मिळत नाही, वारसा कायदा किंवा मृत्युपत्रच चालतं. आयुर्विम्यात २०१५ पासून जवळच्या नातलगांपुरता वेगळा नियम आहे, तो इथे लावू नका.

बापू_हडपसर | मंगळवार, रात्री १०:३४

मग बँका चार-चार नॉमिनी लावा म्हणून मेसेज का पाठवतात?

काळाकोट | मंगळवार, रात्री १०:५०

नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चार लावता येतात म्हणून. बँकेची सुटका लवकर होते. पैसे कोणाचे हा प्रश्न तसाच राहतो.

मुळशीचा | बुधवार, सकाळी ७:३०

इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. आजोबांची मुळशीत शेतजमीन आहे, सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव. काकांनी परस्पर वारस नोंद घातली आणि आत्याचं नावच नाही. फेरफार मंजूर झालाय. काय करता येईल?

मृण्मयी_बाणेर | बुधवार, सकाळी ८:००

फेरफाराविरुद्ध प्रांतांकडे अपील करा, मुदत बघा, आणि कृपया वेगळा धागा काढा. फेरफार म्हणजे मालकी नव्हे एवढं मनात ठेवा.

@वेताळटेकडी, माझ्या तीन प्रश्नांचं काय झालं?

वेताळटेकडी | बुधवार, सकाळी ११:०५

आई २०१६ मध्ये गेली. तिचं मृत्युपत्र वगैरे काही नव्हतं, तिच्याकडे होतं काय. करारनामा आईबाबा दोघांच्या नावावर आहे, पण शेअर सर्टिफिकेटवर बाबांचं नाव पहिलं आहे आणि मृत्युपत्रात स्वच्छ लिहिलंय, 'माझा कोथरूडचा फ्लॅट चिरंजीवास, बँकेतल्या सर्व ठेवी कन्येस.' ठेवी ताईने घेतल्यासुद्धा. आईचा इथे काय संबंध ते कळलं नाही.

तिरकीट | बुधवार, सकाळी ११:०९

सापडलं.

मृण्मयी_बाणेर | बुधवार, सकाळी ११:३०

संबंध हा, की बाबांना फक्त बाबांचं देता येतं. करारनामा दोघांचा, म्हणजे निम्मा फ्लॅट आईंचा. त्या २०१६ मध्ये मृत्युपत्राशिवाय गेल्या, त्याच दिवशी त्यांचा निम्मा हिस्सा हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे नवरा, मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखा वाटला गेला. कोणी कागद केला नाही तरी गेला. म्हणजे बाबा, तुम्ही, ताई, प्रत्येकी एक षष्ठांश. बाबांकडे त्यांचा मूळ निम्मा अधिक हा एक षष्ठांश, मिळून चार षष्ठांश. तेवढं मृत्युपत्राने तुम्हाला आलं. तुमचा आईकडचा एक धरून पाच. सहावा ताईंचा आहे, आणि तो बाबांच्या मृत्युपत्राने हलत नाही. प्रोबेट आणलंत तरी नाही हलणार.

काळाकोट | बुधवार, दुपारी १२:१०

मृण्मयीताईंना सलाम. मी कलमं फेकत बसलो आणि त्यांनी करारनामा विचारला. बँकेच्या वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्ये (मालकीच्या कागदांच्या तपासणीत) दुसरं नाव आलंच असणार. त्याने नीट लिहायच्या ऐवजी 'प्रोबेट आणा' म्हणून ढकललं असावं, असा माझा अंदाज.

नाना_निवृत्त | बुधवार, दुपारी १२:३०

हे पटत नाही. त्या काळी बायकोचं नाव फक्त मान म्हणून घालायचे. पैसे बापाने भरले, फ्लॅट बापाचा. माझ्याही फ्लॅटवर हिचं नाव आहे, म्हणून काय निम्मा तिचा?

रमा_औंध | बुधवार, दुपारी १२:३६

नाना, वहिनींना हा धागा वाचायला द्या.

काळाकोट | बुधवार, दुपारी १:१५

नाना, कोर्टात हा मुद्दा मांडता येतो, पुरावा द्यावा लागतो. कोणी किती पैसे घातले हे दाखवता आलं नाही तर हिस्से समान धरतात. वेताळटेकडी, आई नोकरी करत होत्या का? कर्ज कोणाच्या नावावर होतं?

वेताळटेकडी | बुधवार, दुपारी १:४०

आई शिक्षिका होती. कर्ज दोघांच्या नावावर, हप्ता तिच्या पगारातूनही जायचा. आता कोणी 'हे आधी का नाही सांगितलं' असं म्हणू नका, कोणी विचारलं नव्हतं.

शनिवारपेठी | बुधवार, दुपारी १:४२

मग मान वगैरे विसरा. निम्मा फ्लॅट आईंनी कमावलेला आहे.

बापू_हडपसर | बुधवार, दुपारी २:३०

आजी हयात आहे का, म्हणजे वडिलांची आई? तिचाही वाटा असतो. आमच्याकडे तसंच झालं होतं.

मृण्मयी_बाणेर | बुधवार, दुपारी २:४५

बाबा मृत्युपत्राशिवाय गेले असते तर असता, मृत मुलाच्या आईचा वाटा मुलांइतकाच. इथे मृत्युपत्र आहे, आणि सुनेच्या हिश्श्यात सासूला नवरा-मुलं असताना काही नाही. तो फाटा नको.

@वेताळटेकडी, ताई कुठे असतात?

वेताळटेकडी | बुधवार, दुपारी ३:२०

न्यू जर्सी. लग्न झाल्यापासून तिकडेच. सोपा मार्ग सांगा. विक्रीच्या दस्तावर तिची पण सही घेतली की झालं ना?

शनिवारपेठी | बुधवार, दुपारी ३:४०

होतं, पण ती अनिवासी. विकणाऱ्यांत तिचं नाव आलं की घेणाऱ्याला तिच्या हिश्श्यापुरता अनिवासी विक्रेत्याचा टीडीएस कापावा लागेल, तोही एक टक्क्याच्या नेहमीच्या हिशेबाने नाही, बराच जास्त. ताईंना परतावा घ्यायला इथे विवरणपत्र भरायला लागेल. गिऱ्हाईक पळून जाईल. त्यापेक्षा ताईंनी त्यांचा हिस्सा तुम्हाला हक्कसोडपत्राने सोडावा, आणि मग तुम्ही एकट्याने विकावा.

रमा_औंध | बुधवार, दुपारी ३:५५

आणि ताईंनी का सोडावा म्हणे? कोथरूडच्या फ्लॅटचा सहावा हिस्सा म्हणजे दोन-पाच हजार नव्हेत. 'आक्षेप नाही' तिने म्हटलं ते तिला हिस्सा आहे हे माहीत नसताना.

वेताळटेकडी | बुधवार, दुपारी ४:०२

हा आमच्या घरातला प्रश्न आहे.

रमा_औंध | बुधवार, दुपारी ४:०५

घरातला होता, तुम्ही इथे आणलात.

काळाकोट | बुधवार, संध्याकाळी ५:३०

रमाताईंचा सूर कडक आहे, पण मुद्दा कायद्याचाही आहे. तिला हिस्सा किती हे न सांगता हक्कसोड घेतलंत तर उद्या 'फसवून सही घेतली' असा दावा उभा राहू शकतो, आणि तो दावा तुमच्या घेणाऱ्याच्या डोक्यावर बसतो. तिला लेखी कळवा, ईमेल चालेल: आईचा निम्मा, त्यातला तुझा तिसरा भाग, म्हणजे फ्लॅटचा एक षष्ठांश. मग तिने फुकट सोडो, मोबदला मागो. मोबदला घेतला तर मुद्रांक आणि तिचा कर दोन्ही बदलतात, ते आधी सीएला विचारा.

ती येणार नसेल तर तिथल्या भारतीय वकिलातीत या एकाच कामापुरतं विशेष मुखत्यारपत्र करून पाठवायला सांगा. इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरून घ्या. मुखत्यार तुम्ही स्वतः होऊ नका. हक्क सोडणारी ती आणि घेणारे तुम्ही, तुम्हीच तिच्या वतीने सही केलीत तर बँक हसेल. मावशी, काका, कोणीही विश्वासू तिसरा माणूस घ्या. हक्कसोडपत्राची नोंदणी मात्र सक्तीची, नाना इथे खूश होतील.

महिनाअखेर हे होणार नाही. गिऱ्हाइकाला स्वच्छ सांगून कर्जमंजुरी वाढवून घ्यायला सांगा, बँका वाढवून देतात.

नाना_निवृत्त | बुधवार, संध्याकाळी ६:१५

नोंदणीचं महत्त्व शेवटी मान्य झालं.

वेताळटेकडी | गुरुवार, रात्री ९:३०

ताईशी बोललो. हिस्सा सांगितला. ती आधी गप्प बसली, मग म्हणाली करारनाम्याची आणि आईच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत पाठव, मी इथे एकाला विचारते. नाही म्हणाली नाही. आईच्या पगारातून हप्ता जायचा हे तिला माझ्यापेक्षा जास्त आठवत होतं.

गिऱ्हाईक महिनाभर थांबायला तयार आहे, टोकनाच्या पावतीवर तसं लिहून घेतलं. सेक्रेटरींना कलम १५४ ब-१३ चं पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं, प्रीमियमचा विषय त्यांनी लगेच सोडला. डॉक्टरकाकांचं प्रतिज्ञापत्र शनिवारी.

एक राहिलं. हक्कसोड आधी करायचं की सोसायटीत नाव आधी चढवायचं?

काळाकोट | गुरुवार, रात्री १०:००

हक्कसोड आधी. मग एकाच अर्जाबरोबर मृत्युपत्र, प्रतिज्ञापत्र, आईबाबा दोघांचे मृत्यूचे दाखले आणि हक्कसोडपत्राची इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) जोडा, म्हणजे आईंचं नावही त्याच फेरीत निघेल. मसुद्यात 'सर्व हक्क' असं मोघम न लिहिता एक षष्ठांश अविभक्त हिस्सा असं लिहायला लावा. आणि घराच्या मिळकत कराच्या बिलावर कोणाचं नाव आहे ते आजच बघून ठेवा.

वेताळटेकडी | गुरुवार, रात्री १०:१२

बिलावर आईचं आहे.